सर्व्हरची उत्तरपूजा

“कुणी मारला? मला नाव हवंय, कुणी मारला?”

मॅनेजर साहेब काचेच्या केबिनबाहेर उभे राहून ओरडत होते, आणि आवाज असा की शेडमधल्या पॉवर प्रेसनं लाजून मान खाली घालावी. गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, खरोखरच माणूस पडला. दिवसच तसे होते. पण मेलेला म्हणत होते तो आमचा सर्व्हर, आणि खरं सांगायचं तर तोही धडधाकट होता. कपाळाला कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून, पंखा फिरवत केबिनमध्ये नवरदेवासारखा बसला होता. मुकी झाली होती ती बाकीची मशीनं. स्टोअर, अकाउंट्स, डिस्पॅच, सगळ्या टेबलांवरच्या काळ्या पडद्यांवर एकच ओळ : सर्व्हर सापडत नाही.

आदल्या दिवशी दसरा झालेला. आणि आज दुपारी शेजारच्या मोठ्या कंपनीचे खरेदीवाले साहेब आमचा कारखाना बघायला येणार होते. माल आमचा त्यांना पसंत होता. पण आता त्यांना पुरवठादाराकडं कॉम्प्युटर हवा होता, तोही नुसता शोभेचा नाही. स्टोअरमध्ये टाकलेला आकडा डिस्पॅचच्या चलनावर उमटला पाहिजे, आणि तो डोळ्यांसमोर उमटला पाहिजे.

ते जाळं मी विणलं होतं. मी, देवगाव रंगारीच्या मेंढपाळाचा पोरगा. आमच्या घरात त्याआधी वायरचा संबंध एवढाच, की तिच्यावर घोंगडी वाळत घालायची. वाळूजच्या त्या कारखान्यात मी डाटा एंट्रीला लागलो, आणि वर्षभरात मालकांना म्हणालो, पुण्याची कंपनी कशाला, नेटवर्क मी टाकतो. केबल टाकायला मी छताच्या कैच्यांवर असा फिरलो की कबुतरांनी मला आपल्यात धरलं. एकीनं तर माझ्या खिशात काड्या आणून ठेवल्या. यातलं निम्मं खोटं आहे, पण केबल टाकली हे सोळा आणे खरं.

या धाडसामागं एक मासिक होतं. बसस्टँडच्या स्टॉलवर ते यायचं, महिना-दोन महिने शिळं. सर्व्हरचं कुठलं नवं सॉफ्टवेअर निघालं, एका वेळी त्यावर किती माणसं बसतात, केबल कुठं तुटली हे ओळखणारं कुठलं नवं यंत्र आलं, असल्या बातम्या त्यात असत. मालक गंगापूरकडचे, शेतीतून आलेले. दर महिन्याला ते मला केबिनमध्ये बोलावून बाजारभाव ऐकावा तशा त्या बातम्या वाचायला लावत. एकदा मी वाचलं, ‘मध्यम कंपन्यांसाठी खास सर्व्हर’. मालकांनी हात वर करून मला थांबवलं.

“मध्यम म्हंजी आपण का?”

मी म्हटलं, व्हय, आपणच.

“म्हंजी आपण ल्हान राह्यलो नाय आता.” असं म्हणून त्यांनी चहा सांगितला, आणि त्या आनंदात मला केबल मिळाली.

पण मॅनेजर साहेबांनी पुण्याच्या कंपनीचा करार टाइप करून मालकांच्या टेबलावर ठेवलेलाच होता. मालकांनी दोघांसमोर निकाल सांगितला होता. खरेदीवाल्यांसमोर जाळं चाललं तर कॉम्प्युटर खातं माझं. नाही चाललं तर करारावर सही, आणि मी पुन्हा आकडे टाकायला. मी गावाकडं आधीच सांगून बसलो होतो की मी खातेप्रमुख झालो. आमच्या वडलांनी तर पाणवठ्यावर जाहीर केलं होतं की माझ्या पोराच्या हाताखाली पंधरावीस मशीनं चारायला आहेत. त्यामुळं आता मला मागं फिरायला रस्ता राहिला नव्हता.

मॅनेजर साहेबांनी पुण्याला फोन लावला. तिकडचा इंजिनीअर म्हणाला, तुमच्याकडं गाड्या बंद आहेत म्हणे. तुमचं ते नामांतर मिटलं की येतो. त्या दिवशी नामांतराच्या विरोधातला बंद होता. विद्यापीठाचं नाव बदलावं का नाही यावरून तेव्हा गाव न् गाव फाटलं होतं, आणि आमच्या कँटीनमधली बाकंसुद्धा वाटली गेली होती. डबे तेच, भाकरी त्याच, पण इकडचा तिकडं बसत नव्हता. बंदमुळं शहरातून येणारी कंपनीची बस आली नव्हती. आसपासच्या खेड्यांतले सायकलवाले तेवढे आले होते. मी कारखान्याजवळच्याच रांजणगावात खोली घेऊन राहायचो, म्हणून मी होतो.

आणि स्टोअरमधला माझा दोस्त होता. इंडेंट, म्हणजे मागणीची सही केलेली चिठ्ठी, दिल्याशिवाय कुणाला खिळाही काढून न देणारा. हा त्याच विद्यापीठाचा एम.कॉम. नामांतराच्या एकूण एका मोर्च्यात पुढं, आणि पाठीवर पोलिसी काठीची खूण. दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. रात्रभर ट्रकमध्ये उभा राहून परतला, आणि घरी न जाता, नाक्यावर ठेवलेली सायकल मारत थेट कामावर आला. मी विचारलं, आज कशाला आलास, झोपायचं. तर म्हणाला, “बंद त्यांचा हाय. मी कशाला सुट्टी घेऊ?”

आम्ही दोघं केबलच्या मागं लागलो. मासिकातलं ते यंत्र आमच्याकडं नव्हतं. यंत्र म्हणजे माझे दोन डोळे आणि त्याचे दोन, त्यातले त्याचे झोपेनं लाल. इथं जरा समजावून सांगतो. त्या काळी एकच जाड केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी जायची. तिच्या दोन्ही मोकळ्या टोकांना धातूचं एकेक टोपण लागायचं, बोटाच्या पेराएवढं. आमच्याकडं मेंढरांभोवती वाघूर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण. त्याचं टोक खुंटीला बांधलं नाही तर मधल्या शंभर गाठी पक्क्या असून काय उपयोग? सगळा कळप बाहेर. इथंही तेच. टोपण निघालं की टोकाला गेलेला संदेश आपटून मागं फिरतो आणि सगळ्यांची बोलती बंद.

केबलचं डिस्पॅचमधलं टोक बघितलं. टोपण नाही. धावत अकाउंट्समध्ये गेलो. तिथलंही नाही. टोकांना फक्त हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलेलं.

मी दोस्ताकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघांच्याही डोक्यात एकच माणूस आला : फोरमन मामा.

मामा म्हणजे मशीन शॉपचे सर्वेसर्वा. खंडेनवमीची पूजा त्यांची. तेव्हा कारखान्यातली धातूची प्रत्येक वस्तू चिंचेच्या पाण्यात घासून लखलखीत झालीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. एका वर्षी त्यांनी नव्या साहेबांच्या कोटाची बटणं घासली होती, साहेब आत असताना. नळाच्या तोट्या, ग्रीसची निपलं, तराजूची वजनं, काही सुटायचं नाही. मग माझी दोन टोपणं कशी सुटतील?

मशीन शॉपमध्ये गेलो. मधल्या लेथपुढं पाटावर तांब्याचं मोठं तबक, त्यात मायक्रोमीटर, व्हर्निअर, पाने, आणि मधोमध, सुपारीच्या शेजारी, माझी दोन्ही टोपणं. अशी चमकत होती की त्यांच्यात माझं रडवेलं तोंड दिसलं. मी हात पुढं केला, तर टर्नर आडवा आला. म्हणाला, उत्तरपूजा व्हायची आहे, मामांनी नारळ फोडून तबक हलवल्याशिवाय हत्याराला हात नाही. बरोबरच होतं त्याचं. तिथली सगळीच माणसं मशीनं बंद ठेवून मामांची वाट बघत होती, आणि मामा तिकडं शहरात, गारखेड्यातल्या घरी, बंदमध्ये अडकलेले. नवी टोपणं पुण्याहून येणार; शहरात रेडिओवाल्याकडून काही जुळवाजुळव केली असती, तर शहराला कुलूप.

तेवढ्यात मागून कुणीतरी दोस्ताकडं बोट करून म्हणालं, “याला सांगा उचलायला. याला कुठं देव चालतो?”

काहीजण हसले. दोस्त हसला नाही. तो तबकापासून एक पाऊल मागं सरला.

“मी नाय हात लावणार,” तो म्हणाला. “आज मी उचलून दिन, आन् उद्या कुणाचं बोट प्रेसमधी गेलं की म्हणाल, यानं पूजा मोडली. मामांना फोन लावा. त्यांनी मांडली, त्यांनीच उतरवावी.”

 ज्यानं टोमणा मारला होता तो स्वतःच ऑफिसकडं निघाला, नंबर शोधायला.

मामांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन होता. दुकान बंद, पण दुकानदार मागंच राहायचा. मामा फोनवर आले. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांना एवढंच कळलं की मी त्यांच्या घासण्याबद्दल बोलतोय. “पितळ लई काळं पडलं व्हतं,” ते म्हणाले, “चमकली का नाय?” दोस्तानं माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि दोन वाक्यांत काम सांगितलं.  मामा म्हणाले, फोनवरून करू. देवाला काय, माणसाची नियत दिसती.

आता अडचण अशी की फोन ऑफिसात, तबक मशीन शॉपमध्ये, आणि मध्ये अख्खं अंगण. मग आम्ही माणसांची रांग लावली. फोनपासून पाटापर्यंत, पाच-सहा पावलांवर एकेक माणूस. मामा गारखेड्यातून सांगणार, दोस्त ते ऐकून पहिल्याला सांगणार, पहिला दुसऱ्याला, आणि शेवटी मी, हातात नारळ घेऊन. मध्ये एक वेल्डर तंबाखू मळायला वळला तर सगळी पूजा तिथंच तटली, दोन्हीकडची माणसं खोळंबली. तेव्हा मी मोठ्यांदा म्हणालो की बघा, केबलीचं असंच असतं, आता कळलं का मी रोज काय भोगतो ते.

पण खरं सांगू, रांगेची गरजच नव्हती. मोर्च्यांत घोषणा देऊन देऊन दोस्ताचा आवाज असा तयार झाला होता की त्यानं ऑफिसात “अक्षता वाहा” म्हटलं ते मला पाटाजवळ स्वच्छ ऐकू आलं. शहरापलीकडच्या शेंद्र्यालाही कुणीतरी अक्षता वाहिल्या असतील. “नारळ फोड,” “तबक उत्तरेला सरकव,” एकेक शब्द शेडच्या पत्र्यावर घुमत येत होता, आणि मघाशी हसलेली माणसं हात जोडून तसं तसं करत होती. रांगेतला एकही जण मधून हलला नाही.

टोपणं उचलली, सदऱ्यानं पुसली, आतला चिंचेचा कोळ काडीनं काढला, फुंकून फुंकून वाळवली. एक अकाउंट्समध्ये बसवलं, दुसरं डिस्पॅचमध्ये. पडदे एकेक करून जागे झाले. मॅनेजर साहेब म्हणाले, तात्पुरतं आहे हे. तेवढ्यात गेटवर गाडी वाजली.

खरेदीवाले दोन साहेब आले. दोस्तानं स्टोअरमध्ये आकडा टाकला, आणि डिस्पॅचचा प्रिंटर असा करकरला की मला तो सनईसारखा वाटला. चलन बाहेर आलं. आकडा तोच. साहेबांनी पुन्हा टाकायला लावला, पुन्हा तोच. त्यातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुणी बसवलंय, मुंबईच्या का पुण्याच्या पार्टीनं?

मालकांची छाती फुगली. आधीच त्यांचा शर्ट तंग. वरचं बटण उडून मॅनेजर साहेबांच्या चहात पडलं, असं मी आजवर सांगत आलोय.

“इथल्याच पोरांनी,” मालक म्हणाले. “एक देवगावचा, एक स्टोअरातला.”

मला वाटलं नव्हतं ते दोघांचं नाव घेतील. मी दोस्ताकडं बघितलं. तो डिस्पॅचमध्ये येऊन चलनाची कडा भोकांवरून फाडत होता, सावकाश, सरळ. गाडी गेल्यावर मालकांनी मला बोलावलं, टेबलावरचा करार घडी करून ड्रॉवरात टाकला आणि म्हणाले, खातं तुझं. आता स्टुलावर बसू नको, स्टोअरातून चाकाची खुर्ची घे.

मी अंगण कसं ओलांडलं आठवत नाही. जमिनीला पाय लागले नाहीत, याला साक्षीदार आहेत. स्टोअरच्या खिडकीवर दोन्ही हात आपटून मी दोस्ताला सगळं सांगितलं : खातं मिळालं, करार गेला, मालकांनी तुझंही नाव घेतलं, आणि आता चाकाची खुर्ची काढ.

त्यानं वर न बघता विचारलं, “इंडेंट आणलाय का?”