बैलाला विष घातलं म्हणे

आज दुपारी आपल्या ग्रुपवर एका मित्रानं लिहिलं, "नामांतराच्या वर्षांतबी आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे." वाचून डोकं सणकलं.

ऐका मग. तेव्हा मी परभणीत जनावरांच्या रोगांचं निदान करायचो. ताडकळसकडच्या एका बड्या शेतकऱ्याचा बैल अचानक मेला. मी पोचलो तर दलित वस्तीतल्या किसनला लिंबाच्या झाडाला बांधलेलं. वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं नुकतंच सोडलं होतं.

मालक म्हणाला, "मेलेलं ओढंनात, आता जितं मारायलेत. इख घातलंय यानं."

बैलाच्या नाकातून काळं रक्त येत होतं. कानातलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन मी सोबत नेलेल्या मायक्रोस्कोपखाली बघितलं. फाशी रोगाचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू होते.

"इख न्हाई, रोग हाय. माणसालाबी होतो. उघड्या हातानं शिवाल तर जिवावर बेतंल," मी सगळ्यांना बजावलं.

किसनला सोडलं. माफी कुणी मागितली नाही. मालकानं त्याच्याच हातात दोर दिला.

"इख न्हाई ना घातलं? मग ओढ."

माझं बोलणं त्यानं नीट ऐकलं होतं, म्हणून तर दोर किसनला दिला.

गुण्यागोविंदानं नेमकं कोण राहत होतं रे, मित्रा?