लाम्बेर्तोभाऊची जीभ

ओरोसियामावशीला साक्षीला बोलावलंय ही बातमी आमच्या फुएनक्लारा गावात पसरली आणि ज्यांना ज्यांना मावशीचं तोंड ठाऊक होतं त्यांनी डोक्याला हात लावला. बाई खोटं बोलत नसे. तेही एक वेळ चालून गेलं असतं. पण बाई थोडक्यात बोलत नसे, आणि तिला गप्प बसवायची विद्या आमच्या अख्ख्या आरागॉन प्रांतात कोणाला साधलेली नव्हती. तिचा नवरा जन्मभर प्रयत्न करून शेवटी देवाघरी गेला.

साक्ष होती मिशनमधल्या फादरांबद्दल. छत्तीस साली देशात यादवी पेटली, चर्चं जळायला लागली, अंगावर पाद्र्याचा झगा दिसला की माणूस संपला असे दिवस आले. आमच्या मिशनमधले फादर त्या उन्हाळ्यात धरले गेले आणि कबरस्तानाच्या भिंतीपाशी त्यांना गोळ्या घातल्या. आता इतक्या वर्षांनी बिशपसाहेबांनी चौकशी बसवली होती: ही माणसं श्रद्धेपायी मेली का? तसं ठरलं तर ती संतपदाला चढणार, उद्या त्यांच्या नावानं वेदीवर मेणबत्त्या लागणार. फादरांबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. घोडं अडलं होतं लाम्बेर्तोभाऊपाशी.

लाम्बेर्तोभाऊ फादर नव्हता. मिशनमध्ये व्रत घेतलेले पण पाद्री न झालेले काही भाऊ असतात; चूल, बाग, जनावरं सगळी त्यांच्या गळ्यात. तोही त्याच भिंतीपाशी मेला. पण लाम्बेर्तोभाऊ शिव्या द्यायचा. आणि शिव्या म्हणजे भांडणातल्या नव्हेत. आमच्याकडचा खरा शिवराळ माणूस माणसांवर वेळ घालवत नाही, त्याची शिवी थेट वर जाते. देवापासून सुरुवात, मग देवाची आई, मग प्रेषित, मग कॅलेंडरातले उरलेसुरले संत. त्या शिव्या इथे लिहायची माझी छाती नाही. मला अजून मरायचंय, आणि मेल्यावर कुठे पाठवायचं ते कोणाच्या हातात आहे हे मला चांगलं कळतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी गावचे पाद्री, मोसेन ब्रूनो, मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. तरुण माणूस, काळजीनं पार वाळलेला.

“मावशी, उद्या विचारतील तेवढंच सांगायचं.”

“बरं.”

“भाऊ किती कष्टाळू होता ते सांगा. गरिबांना भाजी वाटायचा ते सांगा.”

“वाटायचा कसला! मीच बागेच्या भिंतीवरून हात घालून उचलायचे. तो बघून न बघितल्यासारखं करायचा.”

“तेच, तेच सांगा. फक्त त्याच्या त्या बोलण्याबद्दल काही काढू नका.”

“कुठल्या बोलण्याबद्दल?”

मोसेननी आवाज खाली आणला. “खेचराशी जे बोलायचा ते.”

मावशीनं सोलायला घेतलेला लसूण खाली ठेवला. “मोसेन, उद्या मला बायबलवर हात ठेवायला लावणार ना?”

“हो.”

“आणि तुम्ही आज मला शिकवताय की हात ठेव पण तोंड शीव?”

“अहो, एका शिवराळ माणसापायी सगळ्या फादरांचं काम अडेल! त्याचं नाव वगळावं असं वर बोलणं चाललंय. तुमचं एक वाक्य इकडचं तिकडे झालं की भाऊ बाहेर. कायमचा बाहेर, मावशी!”

हे मात्र मावशीला झोंबलं. बाकीच्यांबरोबर एकाच भिंतीशी मरायला चालला, मग वेदीवर बाकीच्यांशेजारी का चालत नाही? बागेच्या भिंतीपलीकडचा शेजारी होता तो तिचा. मिशनचे झगे धुवायला ती जायची तेव्हा गरम पाण्याची घागर आधी तिच्यापुढे आणून ठेवणारा तोच. त्याला आत घ्यायलाच हवं असं तिच्या मनानं घेतलं. आता खोटं न बोलता आत कसा घ्यायचा, हे काही केल्या तिला सुचेना.

तसा लाम्बेर्तोभाऊचा तरी काय दोष? बाप खेचरं हाकणारा, आजा खेचरं हाकणारा. त्या घरातलं पोर आधी शिवी शिकायचं, मग आई म्हणायचं. ऐन तारुण्यात याच्या मनात देव भरला आणि हा मिशनच्या दारात येऊन उभा राहिला. वाचता येत नव्हतं. लॅटिन प्रार्थना म्हणायला लागला की फादरांना एकदम खोकल्याची उबळ यायची. पण माणूस राब राब राबणारा, आणि खोटेपणा नावाला नाही, म्हणून ठेवून घेतला.

पुढे त्याला आफ्रिकेत, गिनीच्या मिशनवर पाठवलं. तिथे त्यानं विहिरी खणल्या, कोको लावला, तापानं फणफणला, उठला आणि पुन्हा खणायला लागला. सगळे खूश. मग एकदा बिशप पाहणीला गेले, तेव्हा वाटेत त्यांना नुकताच बाप्तिस्मा झालेल्या काही म्हाताऱ्या बायका शेळ्या हाकताना दिसल्या. त्या बायका शेळ्यांना मोठ्या भक्तिभावानं आणि अस्सल आरागॉनी उच्चारात जे काही म्हणत होत्या ते ऐकून बिशप मटकन खाली बसले. बायकांची काय चूक? जनावर पुढे न्यायची ही ख्रिस्ती प्रार्थनाच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पुढच्या बोटीनं लाम्बेर्तोभाऊ फुएनक्लाराला परत.

इथे त्याच्या वाट्याला कापिताना आली. कापिताना हे मिशनचं खेचर. पाणी, लाकडं, पीठ, सगळं तिच्या पाठीवर. शिवी दिली की चालायची, नाही दिली की नाही, इतका साधा हिशेब. मिशनचे मुख्य फादर एवारिस्तो फार सात्त्विक माणूस. त्यांनी आज्ञा काढली, यापुढे खेचराला ‘आवे मारिया’ ही प्रार्थना म्हणूनच हाकायचं. भाऊनं आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं. तो हो म्हणाला. आणि नेमकी बाजाराच्या दिवशी कापिताना नदीवरच्या पुलाच्या मधोमध उभी राहिली.

भाऊ तिच्या कानात ‘आवे मारिया’ म्हणतोय, घामानं निथळतोय. मागे गाड्या तुंबल्या, मेंढरं तुंबली, बाळंतिणीकडे निघालेला डॉक्टर तुंबला. लोक बोंबलायला लागले. कोणीतरी जाऊन फादर एवारिस्तोंना आणलं. त्यांनी स्वतः, शुद्ध लॅटिनमध्ये, म्हणून बघितलं. कापितानानं शेपटीनं माशी उडवली. शेवटी फादरांनी दोन्ही कानांत बोटं घातली, नदीकडे तोंड केलं आणि म्हणाले, “म्हण बाबा भाऊ, म्हण. एकदाच म्हण.”

भाऊनं म्हटलं. कापिताना निघाली आणि तिच्यामागून अख्खा बाजार निघाला. आज्ञेचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

दर शनिवारी मात्र हा बागेतल्या अंजिराखाली फादरांपुढे गुडघे टेकून पापांची कबुली द्यायचा. ती गुप्त असते हे मावशीला माहीत होतं, म्हणून भिंतीपलीकडे ती कानावर हात ठेवायची. एकच हात, कारण दुसऱ्या हातात धुणं असायचं.

“फादर, या आठवड्यात पुन्हा झालं.”

“किती वेळा रे?”

“खेचर किती चाललं त्यावर आहे, फादर.”

आणि मग तो रडायचा. खोटं नाही, हमसून हमसून रडायचा. मावशीला ते ऐकवत नसे.

असा सगळा माणूस. आणि आता त्याला आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा ते ठरणार होतं.

चौकशी चर्चच्या मागल्या खोलीत भरली. मधे न्यायाधीश, गोल चेहऱ्याचे एक वयस्क पाद्री. एका बाजूला साक्ष लिहून घेणारा. दुसऱ्या बाजूला मोसेन इलारिओ, किडकिडीत, सर्दीनं बेजार. मुद्दाम उलट बाजूनं खोड काढत बसायचं हेच यांचं काम, म्हणून लोक अशा माणसाला सैतानाचा वकील म्हणतात. मावशीनं ते जसंच्या तसं खरं धरलं होतं. आत शिरताच तिनं त्यांच्याकडे बघून क्रूसाची खूण केली आणि आपली खुर्ची लांब ओढली.

“बाई, लाम्बेर्तोभाऊ देवाला शिव्या देताना तुम्ही कधी ऐकलंत?” मोसेन इलारिओंचा पहिलाच प्रश्न.

मावशीनं बायबलवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. “दुपारी नाही ऐकलं,” ती म्हणाली.

“दुपारी?”

“दुपारी तो झोपायचा.”

दाराबाहेर काहीतरी धाडकन आपटलं. ते मोसेन ब्रूनोंचं कपाळ होतं.

“म्हणजे एरवी ऐकलंत. काय म्हणायचा?”

“इथे म्हणू?”

“तुम्ही शपथेवर आहात.”

मग मावशीनं म्हटलं. अगदी पहिल्यापासून, एकही संत न गाळता. लिहिणाऱ्याचा हात मधेच थांबला तो थांबलाच. न्यायाधीशांनी पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला. मोसेन इलारिओ जोरात शिंकले.

“गरम वाइनमध्ये मध घालून घ्या, मोकळं वाटेल,” मावशी त्यांना म्हणाली. सैतानाचा झाला तरी माणूस आजारी होता.

“बाई,” नाक पुसत ते म्हणाले, “ज्याच्या तोंडी रोज हे, तो श्रद्धेपायी मेला असं आम्ही कसं मानायचं?”

“तेच सांगायला आलेय. तुम्ही मधे मधे शिंकू नका.”

आणि तिनं त्या सकाळी चौकात जे बघितलं ते सांगितलं.

फादरांना ट्रकमध्ये बसवून झालं होतं. भाऊला भाजीच्या वाफ्यातून तसाच उचलून आणला होता, मातीनं भरलेला सदरा, पायात दोरीच्या चपला. पाद्री वाटावा असं त्याच्या अंगावर काही नव्हतं. गावचा गाडीवान साबास फादरांना धरायला आलेल्या बंदूकवाल्यांना सामील झालेला, गळ्यात त्यांचा लाल-काळा रुमाल. पण भाऊशी त्याची जनावरांच्या बाजारातली जुनी दोस्ती. शहरातून आलेल्या म्होरक्याला तो म्हणाला, “याला कशाला नेता? हा कसला पाद्री! देवाला माझ्यापेक्षा घाण शिव्या देतो हा.”

“असं?” म्होरक्या म्हणाला. “मग देऊ दे इथे, सगळ्यांसमोर. देवाला एक शिवी, आणि जा म्हणावं घरी, भाजीला पाणी घाल.”

साबासला हसूच फुटलं. चौकातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुटला की माणूस! याच्याकडे मागून मागून मागितलं काय, तर शिवी.

“दे रे भाऊ,” साबास म्हणाला, “ती पुलावरची दे.”

भाऊनं हातावरची माती सदऱ्याला पुसली.

“अरे, दे की!” हे ओरडणं मावशीचं, धुण्याची पाटी डोक्यावर तशीच. “रोज सकाळी आमची झोप मोडतोस, आजच काय दातखीळ बसली? घाल मेल्या एक शिवी आणि ये घरी!”

मग बाकीच्या बायकांनाही कंठ फुटला. रोज जपमाळ ओढणाऱ्या, भाऊ दिसला की लेकीबाळींना आत पिटाळणाऱ्या, त्या सगळ्या कळवळून ओरडायला लागल्या, “द्या हो भाऊ! शिवी द्या!” एकीनं तर, घाबरून विसरला असेल म्हणून, सुरुवातही करून दिली.

साक्ष लिहिणारा इथे खुदकन हसला आणि लगेच मान खाली घालून लिहायला लागला.

“मग?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मग तो साबासला म्हणाला, ‘अरे, खेचराला देतो तेव्हा मी खेचराशी बोलत असतो. ते त्यालाही ठाऊक आहे.’ आणि असं वर बघितलं. ‘इथे खेचर कुठंय? ही सरळ त्याला लागेल रे.’ साबास रडायला लागला. म्हणाला, ‘गाढवा, मरशील!’ भाऊ म्हणाला, ‘दिसतंय तसंच.’”

मोसेन इलारिओ पुढे झुकले. आता त्यांचा आवाज वकिलाचा राहिला नव्हता. “भ्यायला नव्हता तो?”

“भ्यायला नव्हता कसा? चांगला भ्यायला होता. तुमच्या चित्रांतल्या संतांसारखा काही दिसत नव्हता तो. फादरांचं वेगळं, मोसेन. फादर एवारिस्तोंना कितीही मारलं असतं तरी शिवी त्यांच्याच्यानं निघाली नसती, त्यांना येतच नव्हती. याच्या जिभेच्या टोकावर होती हो! दोनदा तोंड उघडलं त्यानं. मी समोर होते, मी बघितलं. दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.” मावशीनं एप्रनचं टोक हातात घेतलं. “आणि आम्ही सगळ्या बायका मनातल्या मनात धावा करत होतो, देवा, याला तुला शिवी द्यायची बुद्धी दे. नाही ऐकलं देवानं. तो आपला आपण ट्रकमध्ये चढला.”

मोसेन इलारिओ न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, “माझी काही हरकत उरली नाही. फादरांबरोबर घ्या त्याला.”

न्यायाधीशांनी मान डोलावली. दाराबाहेर मोसेन ब्रूनो देवाचे आभार मानत होते, ते आत ऐकू येत होतं. मावशीला जे हवं होतं ते मिळालं होतं. तरी ती उठेना.

“घेताय ते बरंच झालं,” एप्रनच्या टोकानं डोळे पुसत ती म्हणाली. “पण एक दिली असती ना शिवी, तर आज जिवंत असता हो मेला.”