चार पाण्यांचा घाट

हेल्मेट डोक्यात बसेना. माणिकबाईंचा अंबाडा आडवा येत होता. शेवटी सुनेनं, रागिणीनं, अंबाडा सोडून मानेवर वेणी घातली, हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि सासूला आरशासमोर उभं केलं. एकसष्ट वर्षांच्या माणिकबाईंनी स्वतःला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"कशी दिसून राहिली मी?"

"झाशीची राणी!" रागिणी म्हणाली.

"राणीच्या डोक्यावर कढई नव्हती, बाई."

बाहेरच्या खोलीत रागिणीच्या सायकल मंडळाची बैठक भरली होती. अमरावतीतली ही दहा-बारा माणसं. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी दुकानदार. वर्षातून एकदा जाड चाकांच्या, गिअरच्या सायकलींवर चिखलदऱ्याचा घाट चढायचा, हा त्यांचा नेम. यंदाची तारीख फेब्रुवारीतली होती आणि आज बेत ठरायचा होता. टीपॉयवर घाटाचा मोठा नकाशा पसरला होता. तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर गिलावड्याची प्लेट ठेवली होती. ती रिकामी होत चालली तसा तो कोपरा फडफडायला लागला होता.

माणिकबाई दारात आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर लाल हेल्मेट. खोलीनं टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या आयुष्यात दुसऱ्यांदाच मिळत होत्या. पहिल्या मिळाल्या त्या मुलाच्या, शेखरच्या लग्नात. तेव्हा त्यांचे यजमान रामराव चार पाहुण्यांसमोर उभे राहून म्हणाले होते, "आमची मंडळी साधी नाई बरं! पानाची करंडी मागं बांधून सायकलवर चिखलदऱ्याचा घाट चढली हाय. एकदा नाई, नऊ वर्षं!"

नवऱ्यानं भरल्या मांडवात केलेलं कौतुक कोणती बाई खोडून काढते? माणिकबाई पदराआड हसल्या आणि गप्प राहिल्या. पुढे रामराव गेले, पण ती गोष्ट राहिली. रागिणीनं ती शाळेत मुलांना शिकवताना सांगितली, मंडळात सांगितली. म्हणून तर आज हे हेल्मेट आलं होतं.

"आजी, तुम्ही सगळ्यांच्या पुढं," मंडळाचा प्रमुख शुभम म्हणाला. तिशीतला, काटक, सायकलीसारखाच सडपातळ. "मंडळाचा झेंडा तुमच्या सायकलीला."

"आईचा गुडघा पाहा आधी," कोपऱ्यातून शेखर म्हणाला. मुलाचा पहिल्यापासून विरोध होता. "जिना उतरताना कठडा धरते थे."

"उतरतानाच ना? आपल्याले चढाचं हाय," माणिकबाई म्हणाल्या आणि खोली हसली.

शुभमनं पेन उघडलं. "आजी, एक सांगा. तुम्ही तर साध्या सायकलीवर, मागं वजन घेऊन चढलात. मधलं ते मोठं वळण आहे ना, तिथं आमच्या भल्याभल्यांची दमछाक होते. तुम्ही कसं मारायच्या पायडल? बसून की उभं राहून?"

सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. 'उभं राहून' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. पुन्हा टाळ्या पडल्या असत्या, झेंडा मिळाला असता. माणिकबाईंना तो घाट पुन्हा एकदा बघायचा होता, आणि मोटारीच्या काचेतून नाही, आपल्या पायांनी. रामराव गेल्यापासून त्यांनी काही मागितलं नव्हतं; हे एकच मागितलं होतं.

त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"शुभम, मी पायडल मारलंच नाई."

"म्हणजे?"

"घाट मी सायकलवर बसून चढली नाई कधी. ढकलत नेली. पायथ्यापासून वरपर्यंत. उतरताना बसो सायकलवर, करंडी रिकामी राहे तवा."

रागिणीचा चेहरा उतरला.

"पण बाबा तर सांगत..." शेखर म्हणाला.

"तुये बाबा माह्यावर खूश होते, म्हून सांगत."

शुभमनं पेनाचं टोपण लावलं. मुलगा वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का होता. मंडळाचा नियम होता, जो घाटात उतरून सायकल ढकलायला लागला तो मागून येणाऱ्या गाडीत बसला. मागच्या वर्षी संघपाल असेच बसले होते. संघपाल म्हणजे आयटीआयमधले शिक्षक, पंचेचाळिशीचे, अंगानं भरलेले. ते आत्ता खाली मान घालून गिलावड्याचा शेवटचा तुकडा चटणीत फिरवत होते.

"आजी, तुम्ही गाडीतून या," शुभम हळू आवाजात म्हणाला. "आम्ही पूर्ण सन्मानानं नेऊ."

"गाडीतच बसाचं तर यस्टी हाय ना बापा. तुमच्या मागं कायले येऊ?" माणिकबाई म्हणाल्या. मग त्या पुढे सरकल्या, नकाशावर वाकल्या. "चिन्हं कायची हायेत हे?"

"थांबे आहेत. इथून दरी दिसते, इथं फोटो छान येतो, इथं चहा."

"अन् पाणी?"

"पाणी गाडीत असते."

"मी सांगू, मी तवा कुठं थांबो?"

माणिकबाई अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांच्या घरच्या. रामराव पानमळ्यात शिडीवरून पडले, पाय मोडला, आणि चिखलदऱ्याच्या आठवडी बाजारातलं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सत्तावीस वर्षांच्या माणिकबाईंनी सायकल धरली. आदल्या दिवशी करंडी आणि सायकल एसटीच्या टपावर टाकून परतवाड्याला बहिणीकडे मुक्काम. वर जाणारी पहिली गाडी बाजार भरल्यावर पोचायची, म्हणून पहाटेच सायकल घेऊन निघायचं. करंडीत केळीच्या पानांवर विड्याच्या पानांच्या जुड्या, वरून ओलं पोतं.

"पानाले ऊन सोसत नाई," त्या सांगू लागल्या. "पोतं हाताले कोमट लागलं की थांबाचं. करंडी सोडाची, खालची पानं वर, वरची खाली, पोतं भिजवाचं, निघाचं. त्याले आमी एक पाणी म्हणो. घाट चार पाण्यांचा हाय. पहिलं पाणी इथं, पुलाखालच्या झऱ्यावर. दुसरं या वळणाच्या आधी. वळणानंतर नाई, तिथं दगड तापते. तिसरं आंब्याखाली. चौथं अगदी वर, बाजाराच्या तोंडाशी, काहून का गिऱ्हाइकाले पान ताजं दिसलं पाहिजे."

बोट नकाशावर अडखळत नव्हतं. ज्या ठिकाणी नकाशावर काहीच नव्हतं, तिथंही ते थांबत होतं.

"किती वेळ लागे, आजी?" हे संघपालांनी विचारलं.

"सहाले पायथा सोडला का दहाले बाजारात."

शुभमनं मोबाईल काढला. मंडळाच्या सगळ्या वेळा त्यात होत्या. तो पाहत राहिला, भुवया वर गेल्या.

"काय झालं?" रागिणीनं विचारलं.

"गेल्या वर्षी आपल्यातला शेवटचा माणूस चार तास दहा मिनिटांत पोचला. गिअरच्या सायकलीवर. बिनावजनाचा."

"कोण होता तो?" शेखर.

"मीच," शुभम म्हणाला. "चाक पंक्चर झालं होतं... आणि दमही लागला होता."

हसण्याचा असा स्फोट झाला की नकाशाचा कोपरा उडाला. संघपाल सगळ्यात मोठ्यानं हसले.

"हसू नोका त्याले," माणिकबाई म्हणाल्या. "तुमी दम लागल्यावर थांबता. मंग पाय गारठते, उठवत नाई. मले पानानं दम लागूच देला नाई. त्याले तहान लागे म्हून मी थांबो. नऊ वर्षांत माही एक जुडी सुकली नाई, शुभम. सायकलवरून उतरली म्हून मी हारली का?"

शुभमनं पेनाचं टोपण काढलं, 'फोटो' लिहिलेल्या खुणा एकेक करून खोडल्या आणि झऱ्याच्या जागी लिहिलं, पहिलं पाणी. नियमाच्या कागदावरही रेघ मारली. वाचून दाखवलं, "जो मागं फिरला, तो गाडीत. ढकलणारा चालेल."

"मग माझं नाव लिहा," संघपाल म्हणाले. "आजींच्या मागं."

"आधी आजींचं," शुभम म्हणाला, आणि यादीत वरच्या ओळीवर मोठ्या अक्षरात 'माणिकबाई रामराव' असं लिहिलं. रागिणीनं डोळे पुसले आणि गिलावडे आणायच्या निमित्तानं आत गेली.

शेखर मघाच उठला होता. तो आला तो हातात खोका घेऊन. खोक्यात पांढरे बूट होते, आईच्या मापाचे. विरोध करणाऱ्या माणसानं ते कधी आणून ठेवले होते, हे त्यानं सांगितलं नाही.

"गुडघ्याले आधार होते त्यानं. घाल."

माणिकबाई बुटांकडे बघत राहिल्या. "मी घाट अनवाणी चढो रे."

"अनवाणी? काहून?"

"मळ्यात पानाजवळ चप्पल चालत नाई ना. मले वाटे, करंडी संगं असली का रस्त्यावरबी चालत नाई. नऊ वर्षं तशीच गेली. नवव्या वर्षी तुये बाबा म्हणाले, येडे, थे फक्त मळ्यातलं हाय!"

"आता तर पान नाही संगं," शेखर म्हणाला.

"हाय ना. एक करंडी न्याची हाय. त्याबिगर थांबाचं कवा, हे कोण सांगन तुमाले?"

"मग बूट?"

माणिकबाईंनी बूट पायात घातले, उठून दोन पावलं टाकली, दाबून पाहिले. छान बसले होते.

"मी ढकलीन माही सायकल बूट घालून," त्या म्हणाल्या. "करंडी बांधू शुभमच्या सायकलीले."

शुभम 'हो' म्हणणार होता. तेवढ्यात त्याला कळलं. त्यानं दाराबाहेर काढून ठेवलेल्या आपल्या नव्याकोऱ्या, महागाच्या बुटांकडे पाहिलं.

"पण आजी, तो नियम फक्त मळ्यातला आहे ना?"

"हाव," माणिकबाई म्हणाल्या आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "पण तू तर नियमाचा पक्का हायेस."