तळाच्या पाण्याची बाटली

टेंपोची चावी चेअरमनच्या खिशात होती आणि टेंपोचे मालक सलीमभाई टेंपोला टेकून मान खाली घालून उभे होते. खालापूरकडच्या त्या धरणाच्या काठावर मेलेल्या तिलापिया माशांचा ढीग पडला होता.

"मॅडम, यानं खाद्यात कायतरी मिसळलंय," चेअरमन बाळाराम म्हणाले. "तसं लिहून द्या. पोलिसात देतो याला."

बाळाराम मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. धरणात जाळीचे पिंजरे तरंगत ठेवून त्यात मासे वाढवायचे, हा सोसायटीचा धंदा. सलीमभाई त्यांना खोपोलीहून गोळीखाद्य आणून देत. मी सरकारी लॅबमधली केमिस्ट. आता मी आजी आहे, तेव्हा मॅडम होते. डिसेंबरात गॉगल, कडक इस्त्रीची साडी आणि पाण्याची भीती. लाइफ जॅकेट मी जीपमध्येच चढवलं होतं.

"मासे मेले कसे?" मी विचारलं.

"सकाळी आलो तर सगळी तोंडं वर. आ वासून."

"आणि पिंजऱ्याबाहेर?"

"झिंगं आपणहून काठावर चढली. गावानं टोपल्या भरून नेली."

"खाल्ली?"

"मंग काय, पूजा करायची?"

"कुणाला काही झालं?"

"नाय," बाळाराम म्हणाले. सलीमभाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

विष असतं तर अर्धं गाव दवाखान्यात असतं. माझा संशय ऑक्सिजनवर होता. मी तो असा मांडला: "औष्णिक स्तरीकरणामुळे जलाशयाचा अधःस्तर प्राणवायुरहित होतो."

"मराठीत सांगा की," बाळाराम म्हणाले. मला वाटत होतं, ते मराठीच आहे.

आज मी असं सांगेन. बादलीतल्या गार पाण्यावर कढत पाणी हलकेच ओतलं आणि ढवळलं नाही, तर वर गरम राहतं, खाली गार. ऑक्टोबरच्या उन्हात धरणाचं तसंच होतं. तळाच्या पाण्याला हवा लागत नाही आणि खाली जे कुजतं ते उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. मग थंडी पडते, वरचं पाणीही गार होतं, वारा सुटतो आणि तळाचं पाणी वर येतं. मोकळा मासा पळतो. पिंजऱ्यातला कुठे जाणार?

मीटर रिपेअरला गेला होता, म्हणून बाटल्यांची जुनी पद्धत. पाण्यात दोन औषधं घालायची. ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. होडीतून मी वरचं आणि तळाचं पाणी आणलं. आणलं म्हणजे नावाड्याने आणलं. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून सूचना दिल्या.

काठावर, सगळ्यांसमोर, ऐटीत औषधं घातली. वरच्या पाण्याला सकाळपासून पुन्हा हवा लागली होती, ती बाटली तपकिरी झाली. तळाची पांढरीशुभ्र.

"बघा!" बाळाराम ओरडले. "वरचं पाणी नासलंय! खाद्य वरच टाकतो आमी!"

माणसं सलीमभाईंकडे सरकली. रंगांचा अर्थ आधी सांगायचा असतो, हे मॅडमना सुचलं नव्हतं. मी गॉगल काढला.

"बाळारामशेठ, दोन तांबे आणा. तळाचं पाणी उरलंय. चहा गार करतात तसं या तांब्यातून त्या तांब्यात ओता. जरा उंचावरून."

त्यांनी ओतलं. बराच वेळ ओतलं. त्यात मी तीच औषधं घातली. या वेळी साका तपकिरी.

"पाणी तेच," मी म्हणाले. "तुम्ही फक्त हवा घातलीत."

बाळाराम बाटलीकडे बघत राहिले. "म्हंजे पांढऱ्यात हवा नाय? मंग खाल्ली कुणी?"

बाटली बुडावी म्हणून तिला बांधलेल्या वजनाला पिंजऱ्यांखालून चिकटून आलेला गाळ मी त्यांच्या तळहातावर ठेवला. काळा, सडक्या अंड्यासारख्या वासाचा. त्यात न खाल्लेल्या खाद्याच्या फुगलेल्या गोळ्या.

"किती टाकता?"

"जरा सढळ हातानं," ते हळूच म्हणाले. "लवकर वाढावं म्हणून."

चावी खिशातून निघाली. सलीमभाईंनी ती घेतली आणि थेट माझ्याकडे आले.

"बाई, माझं खाद्य चांगलं हाय, एवढं लिहून द्या."

"देते. खाद्य चांगलं आहे. निम्मंच विका."

"दुसरं वाक्य नका लिहू."

मी दोन्ही वाक्यं लिहिली. सोसायटीने खाद्य कमी केलं, पिंजरेही पांगवले. पुढच्या थंडीत मासे तगले. सलीमभाई अजून खोपोलीच्या बाजारात दिसतात. नमस्कार करतात, पण जरा लांबूनच.