तिसऱ्या मुलीच्या घुगऱ्या

आमच्या वस्तीवर मतमाउलीचा, म्हणजे येशूच्या आईचा, वाढदिवस बारसं घालून साजरा होतो. सप्टेंबरच्या आठ तारखेला सकाळी फादर येतात, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, होते, आणि फादर पुढच्या गावाला निघून जातात. दुपारी चर्चच्या पत्र्याखालच्या आडव्या दांडीला लाकडी पाळणा टांगतात. त्यात तान्ह्या मारियेची वीतभर लांबीची प्लास्टरची मूर्ती निजवतात. तिला टोपरं आणि कुंची घालतात. बायका पाळणा म्हणतात. एक बाई वाकून मूर्तीच्या कानात नाव सांगते, बाकीच्या तिच्या पाठीत हसत धपाटे घालतात. मग हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या घुगऱ्या वाटल्या जातात, आधी वस्तीत, नंतर गावात.

वस्ती गेवराई तालुक्यात, चकलांब्यापासून जवळ आहे. आमची घरं गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे. गावातल्या लोकांना मिस्सा ठाऊक नाही, पण घुगऱ्या ठाऊक आहेत. ज्यानं घुगऱ्या खाल्ल्या, त्यानं त्या लेकराची विचारपूस करायची, असा गावाचा रिवाज आहे. त्यामुळे वर्षभर पारावरची माणसं आमच्या बायकांना विचारत, “काय गं, तुमची माउली रांगायला लागली का न्हाई?” यात थट्टा असे, कुचकेपणा क्वचित.

बारसं बाराव्या दिवशी असतं, जन्माच्याच दिवशी नसतं, हे एका नव्या फादरांनी लक्षात आणून दिलं होतं. ते खरंच होतं. माझ्या आत्यानं त्यांना विचारलं, “मग बारा दिवस पोरीला बिननावाची ठिवायची का, फादर?” फादर हसले. रीत बदलली नाही.

नाव सांगण्याचा मान आत्याचा होता. ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण, पण सगळी वस्तीच तिला आत्या म्हणत असे. मतमाउलीशी ती शेजारच्या पोरीशी बोलावं तशी बोले. पाऊस लांबला की मूर्तीसमोर उभी राहून रागावे. काम झालं की चर्चची फरशी पुसून येई आणि हिशेब मिटला असं मानी.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी ऑगस्टमध्ये आत्याची सून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. तिसरी मुलगी. आधीच्या दोघींच्या वेळी आतेभावानं पेढे नाही, पण जिलेबी तरी आणली होती. या वेळी त्यानं काहीच आणलं नाही. बारावा दिवस आला आणि गेला. मुलीला कुणी नाव ठेवलं नाही.

आतेभाऊ आणि त्याची बायको दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक कोयता, म्हणजे उचल आणि मजुरी दोघांची एकत्र. मोठ्या दोघी मुली आत्याजवळ राहतात. तान्हं मूल मात्र आईबरोबर फडावर जातं, आणि ज्या बाईच्या अंगावर मूल आहे तिच्या हातून तोड कमी होते. त्याच सुमारास त्याचा एक चुलतमेहुणा बोलणं घेऊन आला. लांबच्या एका शहरात मूल नसलेलं जोडपं आहे. चांगली माणसं आहेत. मुलगी सुखात राहील. आतेभाऊ हो म्हणाला. बायकोला कुणी विचारलं नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी चुलतमेहुण्यानं यायचं आणि मुलीला घेऊन जायचं, असं ठरलं.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात होते. सणासाठी दोन दिवस आधी गावी आले, तेव्हा मला हे कळलं. असं मूल देणं कायद्यात बसत नाही, दत्तक देण्याची रीतसर पद्धत असते, हे मी आतेभावाला सांगितलं.

“अक्का,” तो म्हणाला, “कायदा फडावर येऊन लेकरू धरतो का?”

“मग तुझ्या बायकोला विचार.”

“तिला काय विचारायचं? ती रडती नुसती.”

ती रडत नव्हती. ती आत मुलीला पाजत बसली होती आणि दाराकडे पाहत होती.

आत्या मात्र उठली. ती चर्चमध्ये गेली. मी मागोमाग गेले, कारण ती मुलाशी भांडेल अशी माझी अपेक्षा होती आणि तसं घडलं नव्हतं. चर्चची किल्ली सांभाळणारे मास्तर पताका लावत होते. ते आम्हाला लहानपणी धर्म शिकवत. आत्या माउलीच्या मोठ्या मूर्तीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“परवा तुझा वाढदिवस हाय,” ती म्हणाली. “म्या लई वर्षं तुझं नाव सांगितलं. यंदा तू माझ्या नातीचं काम कर. कसं करायचं ते तुझं तू बघ.”

मास्तर शिडीवरून म्हणाले, “आत्या, ज्याचा वाढदिवस त्याला आपण द्यायचं असतं. मागायचं नसतं.”

“शाळंत पोरं वाढदिवसाला काय करत्यात, मास्तर? चॉकलेट कोण वाटतं?”

“ज्याचा वाढदिवस तो.”

“मग?”

मास्तर पुन्हा पताका लावू लागले.

मी बाहेर आल्यावर विचारलं, माउलीनं नाही ऐकलं तर काय करणार? आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उद्या सूर्य उगवेल का असं विचारलं होतं. “ऐकंल की. कावून न्हाई ऐकणार?” ती म्हणाली आणि हरभरे भिजवायला गेली. नेहमीपेक्षा जास्त भिजवले.

आठ तारखेला मिस्सा झाली. फादर गेले. दुपारी बायका जमल्या, पाळणा टांगला गेला. मास्तरांनी कपाटातून छोटी मूर्ती काढून आत्याच्या हातात दिली. आत्यानं ती पदराखाली मांडीवर घेतली आणि सुनेला म्हणाली, “आण गं तिला.”

सून मुलीला घेऊन पुढे आली. आत्यानं मुलीला पाळण्यात निजवलं. मूर्तीचं टोपरं तिच्या डोक्याला लहान पडलं, म्हणून ते तिच्या मुठीत दिलं. कुंची मात्र खऱ्या लेकराच्या मापाची होती, ती बसली.

मास्तर उठून उभे राहिले. “आत्या, मूर्तीच्या जागी लेकरू? फादरांना काय सांगू मी?”

“मूर्ती हाय की माझ्या मांडीवर. पाळणा एकच हाय, मास्तर. मोठ्या पोरीनं धाकटीला जागा द्यायची असती.”

बायका हसल्या. मास्तर बसले. पाळणा म्हटला गेला, तोच, दरवर्षीचा. मग आत्या सुनेकडे वळली. “नाव तू सांग. तू आई हायस. मी नुसती कानात घालणार.”

दोन दिवसांत मी त्या मुलीच्या आईचा आवाज ऐकला नव्हता. तिनं नाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ते तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं, हे उघड होतं. आत्यानं ते आधी प्लास्टरच्या कानात सांगितलं, मग मुलीच्या. धपाटे पडले. आतेभाऊ दाराबाहेर चपला घालून उभा होता. तो आत आला नाही आणि गेलाही नाही.

घुगऱ्या वाटायला मी आत्याबरोबर गावात गेले. गावातली काही घरं आमच्याकडचं शिजलेलं घेत नाहीत. त्यांच्यासाठी आत्या दरवर्षी कच्चे हरभरे वेगळ्या फडक्यात बांधून नेई. ते घेतले जात. त्यांना घुगऱ्या म्हणत नसत, आणि त्या घरांनी कधी माउलीची विचारपूसही केली नव्हती. त्या दिवशी आत्यानं फडकं घेतलं नाही. फक्त पातेलं घेतलं.

अशा घरांतलं सगळ्यात मोठं घर माजी सरपंचांचं. त्यांच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सवयीनं सूप पुढे केलं.

“कच्चे न्हाईत यंदा, काकू,” आत्या म्हणाली. “घुगऱ्या हायत. बारसं हाय.”

“ते तर दरवर्षीच अस्तंय तुमचं.”

“यंदा दोघींचं हाय. माउलीचं आन माझ्या नातीचं.”

“नातीचं?” काकूंनी सूप खाली ठेवलं. “तिसरीचं ना? अगं, तिसऱ्या पोरीच्या कुणी घुगऱ्या वाटतं का?”

“आमी वाटतो.”

“आन शिजलेलं आमी घेत न्हाई, म्हाईत हाय ना तुला?”

“म्हाईत हाय. म्हणून तर उभी हाय.”

आत्या पातेलं धरून उभी राहिली. विनवणी नाही, वाद नाही. काकू तिच्याकडे पाहत राहिल्या. समोरच्या घरातून दोन बायका दारात आल्या. मी त्या वेळी मनात बातमी रचत होते, हे मला आठवतं. मथळा तयार होता आणि तो वाईट होता.

मग आतून काकूंची सून आली. तिच्या कडेवर मुलगी होती. तिनं स्टीलची वाटी आत्याच्या पुढे धरली. “मला द्या, आत्या,” ती म्हणाली. काकू म्हणाल्या, “अगं ए.” सुनेनं तिथंच उभं राहून एक घास आपल्या तोंडात आणि दोन दाणे मुलीच्या तोंडात घातले. वाटी ओट्यावर, सासऱ्यांच्या तांब्याशेजारी ठेवली. माजी सरपंच आतून आले. त्यांनी वाटी पाहिली, बायकोकडे पाहिलं आणि सुनेला विचारलं, “मीठ हाय का बरोबर?”

“हाय.”

त्यांनी खाल्ल्या. आत्या पुढच्या घराकडे निघाली. संध्याकाळी पातेलं रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतमेहुणा मोटारसायकलवर आला. आतेभाऊ त्याला घेऊन फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसला, घरी बोलणं नको म्हणून. मी तिथं बीडच्या गाडीची वाट पाहत होते. चुलतमेहुणा हळू आवाजात सांगत होता की गाडी तयार आहे, माणसं वाट पाहतायत.

माजी सरपंच वर्तमानपत्र घेऊन समोर बसले होते. त्यांनी पानावरून नजर न काढता विचारलं, “काय बे, पोरगी कशी हाय?”

आतेभाऊ चहावर फुंकर घालू लागला.

“कालच्या घुगऱ्या झकास होत्या. नाव काय ठिवलं?”

टपरीवरच्या आणखी दोघांनी मान वळवली. त्यांनीही खाल्ल्या होत्या. ते आज विचारत होते, म्हणजे दसऱ्याला विचारणार होते, फडावरून परतल्यावर विचारणार होते. पोरगी कुठाय, चालायला लागली का, दात आले का. चुलतमेहुण्यानं आतेभावाकडे पाहिलं. त्याला बहुधा इतकंच ठाऊक होतं की या मुलीला नाव नाही.

आतेभावानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि नाव सांगितलं.

“चांगलं हाय,” माजी सरपंच म्हणाले आणि पान उलटलं.

चुलतमेहुण्यानं चहा संपवला. मग मोटारसायकल वळवून आला तसा गेला. आतेभाऊ एकटाच घरी परतला, तेव्हा आत्यानं बादली उचलली. ती चर्चची फरशी पुसायला गेली.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला तेव्हा आत्यानं चर्चमधला पाळणा ट्रॉलीत चढवला. मास्तर म्हणाले, ही देवाघरची वस्तू आहे, अशी नेता येत नाही. आत्या म्हणाली, “माउलीला सप्टेंबरपर्यंत लागतोय का? मग?” पाळणा फडावर गेला.

उन्हाळ्यात तो परत आला. त्याच्या कठड्याचा रंग उडाला होता. एका बाजूची दोरी तुटली होती, आणि तिच्या जागी आतेभावानं उसाच्या वाढ्यांना, शेंड्याच्या हिरव्या पात्यांना, पीळ देऊन वळलेली दोरी होती, मोळ्या बांधायला वळतात तशी, पण जाड आणि दुहेरी. ती वाळून पिवळी पडली होती.

पुढच्या आठ सप्टेंबरला फादरांनी ती पाहिली आणि नवी सुती दोरी आणायला पैसे देऊ केले.

“नको,” आत्या म्हणाली. “ही मजबूत हाय. एका पोरीला तिनं पेलून दाखवलंय.”

तिनं प्लास्टरची मूर्ती पाळण्यात निजवली. नात पाळण्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिनंच पहिला झोका दिला.