ठाकरवाडीच्या कुसुमताई

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुसुमताई शेळी झाल्या होत्या. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीवर नर्स म्हणून माझी नेमणूक झाली होती. ट्रंक घेऊन धापा टाकत मी चढ चढून आले, तर कुडाच्या एका खोपीपुढं तिशी ओलांडलेली एक बाई पातळाचा पदर खोचून हातापायांवर उभी होती आणि पाचेक वर्षांची एक मुलगी तिच्या तोंडाशी पाला धरून म्हणत होती, "खा की. न्हाई खाल्लास तर दूद कुठनं देशील?" बाईंनी मला पाहिलं, पण त्या उठल्या नाहीत. मान वळवून त्यांनी मुलीला विचारलं, "बुधी, पाव्हणी आलीय. मी उठू का?" बुधीनं जरा विचार केला आणि "ऊठ" म्हणाली. मगच त्या उठल्या आणि हात झटकून मला पाणी द्यायला आत गेल्या.

ती खोपी म्हणजे बालवाडी. मागच्या खोलीत त्या राहत, आणि आता मीही राहणार होते. ताई मूळच्या नगरच्या, वडील कचेरीत कारकून. लग्न झालं होतं. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा त्या माहेरी परतल्या. भावजयीच्या घरात राहण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि एका संस्थेनं त्यांना इथं पाठवलं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, भाकरी थापता थापता. पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

सुरुवातीला त्यांनी शिकल्याप्रमाणे सगळं केलं होतं. प्रार्थना, आगगाडीचं गाणं, रंगीत तक्ते. मुलं भिंतीला टेकून बसत, तोंडातून शब्द काढत नसत आणि ताईंची पाठ वळली की पसार होत. "मला वाटलं, मुलं मंद आहेत," त्या सांगत. "मग एकदा ओढ्यावर गेले, तर तीच मुलं अशी बोलत होती की मला एक शब्द पकडता येईना. तेव्हा कळलं, मंद कोण ते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तक्ते गुंडाळून ठेवले आणि त्या नुसत्या अंगणात बसू लागल्या. मुलं खेळायची, त्या बघायच्या. मुलांनी बोलावलं तर जायच्या. खेकडा, हिरडे, पिसं, काय काय मुलं घेऊन येत आणि त्याला आपल्या बोलीत काय म्हणतात ते सांगत. ताईंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. त्या उजवा कान पुढं करून म्हणायच्या, "परत सांग. मी मोठी आहे ना, मला लवकर कळत नाही." मुलांना हे फार पटायचं. ती पुन्हा पुन्हा सांगत. एकदा मुलांनीच म्हाताऱ्या लहानूबाबाला हाताला धरून आणलं, आणि मग त्या अंगणात ठाकरांचा कांबडनाच सुरू झाला, धान्याची देवी कणसरीची गाणी सुरू झाली. ताई मुलांच्या मागून पावलं टाकायच्या आणि चुकायच्या. वर्षभरात त्या वाडीची बोली बोलू लागल्या. नगरी हेल काही गेला नाही.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या सुमाराला संस्थेचे सचिव दोन पाहुण्यांना घेऊन आले. मुलं अंगाला राख फासून वाघ, अस्वल झाली होती आणि बाकीची त्यांना दरडावत होती, "आमच्या शिवंत येशील का?" वाघ "न्हाई, न्हाई" म्हणत पळत होते. सचिवांनी कविता म्हणायला सांगितलं. एकही मूल बोललं नाही. पाहुण्यांसमोर ते काही म्हणाले नाहीत, पण निघताना ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे सगळं त्यांना घरी मिळतंच. उद्या ही मुलं शाळेत जातील. तिथं यांची भाषा कोण ऐकणार आहे?"

"तोवर तरी कुणीतरी ऐकू दे," ताई म्हणाल्या.

सचिवांचं त्यांना फारसं लागलं नाही. लागलं ते बुधीच्या बापाचं. सोमा अबोल माणूस. एके संध्याकाळी तो येऊन उंबऱ्याशी बसला. बराच वेळ विडी हातात धरून राहिला, पेटवली नाही.

"बाई, येक सांगू का? आमची बोली आमच्या घरात हाय. ती पोरीला येतीय. तुमी तुमची शिकवा. माझा मोठा पोरगा मास्तरापुढं आमच्या बोलीत बोलला तर सारा वर्ग हसला. तवापासनं तो शाळंत गेला न्हाई. बुधीचं तसं नको व्हायला."

सोमा गेल्यावर ताई जेवल्या नाहीत. "त्याचं खरं आहे," त्या मला म्हणाल्या. "पण शाळेची बोली शिकवताना घरच्या बोलीची लाज शिकवायची नाही, हे कसं करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या एकच गोष्ट दोन्ही बोलींत सांगू लागल्या. मुलं शाळेच्या बोलीला 'मास्तराचं बोलनं' म्हणत. बुधीला तेही भराभर येऊ लागलं होतं.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. आमच्या डोंगरातसुद्धा नागली जागच्या जागी करपली. खाली रस्त्याचं दुष्काळी काम निघालं आणि वाडी रिकामी झाली. ताईंनीही बालवाडी उचलली आणि खडीच्या ढिगांशेजारी एका आंब्याखाली नेली. माझं जाणंयेणंही तिथंच सुरू झालं. मुलांचे खेळ बदलले. ती दिवसभर दगडावर दगड आपटत. एक जण मुकादम होई आणि बाकीच्यांना शिव्या देई. ताईंना ते बघवत नसे, पण त्यांनी खेळ थांबवला नाही. त्यांनी कांबडनाच काढून पाहिला, तर मुलं म्हणाली, "आता नको. आमी कामावर हाय."

उन्हाळ्यात गोवर आला. सरकारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीवर जगलेली पोरं, अंगात काही नव्हतंच. बुधीला गोवरामागून हगवण लागली. तिची आई ओली बाळंतीण, तापानं फणफणलेली. सोमानं मुलीला खांद्यावर घालून सडकेपर्यंत आणलं आणि बायकोसाठी त्याला मागं फिरावं लागलं. ताई आणि मी खडीच्या ट्रकमधून बुधीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तिला काय होतंय ते विचारलं. ती जे पुटपुटत होती ते त्याला कळेना. ताई कान तिच्या ओठांशी नेऊन ऐकत आणि त्याला सांगत. सलाईन लावलं. ताई रात्रभर तिच्याशी तिच्या बोलीत बोलत राहिल्या. सकाळी ती गेली.

मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत. त्या वर्षी तर फारच. पण त्यानंतर आंब्याखाली जे झालं ते माझ्या मनातून जात नाही. मुलांनी मातीत खड्डा केला, पाला आणला. मग प्रश्न पडला, बुधी कोण होणार. कुणी तयार होईना. शेवटी एक मुलगा म्हणाला, "बाई, तू हो."

ताई पाल्यावर आडव्या झाल्या. मुलांनी त्यांच्या अंगावर डहाळ्या पसरल्या, मूठमूठ माती टाकली आणि बुधीला पुरताना मोठ्या माणसांनी म्हटलं होतं तेच सगळं, त्याच शब्दांत म्हटलं. खडी फोडणाऱ्या बायका थांबल्या. मुकादम ओरडला, "बाई, हे काय अभद्र चालवलंय?" पलीकडून सोमा येताना दिसला. तो मुलांच्या मागं उभा राहिला. शेवटी वाकून त्यानंही एक मूठ माती टाकली आणि घण उचलून कामाकडं गेला. मुलं पांगल्यावरही ताई उठल्या नाहीत. मी जाऊन त्यांना उठवलं.

पुढं पाऊस झाला, वाडी वर परतली. ताईही परतल्या, पण अंगणात बसत तेव्हा त्यांचं लक्ष नसे. मुलं काही सांगत तर पुन्हा सांग असं म्हणायचं भान त्यांना राहत नसे. थोड्याच दिवसांत संस्थेनं ही बालवाडी बंद करून खालच्या मोठ्या गावात नेली आणि तिथं दुसरी बाई नेमली. ताईंना नगरला शिवणवर्गावर बोलावलं. त्या भांडल्या नाहीत. मला वाईट वाटलं ते त्याचंच.

निघायच्या दिवशी सोमानं त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली. सडकेवर आम्ही तिघं एसटीची वाट बघत उभे होतो. लांबून गाडीचा आवाज आला तेव्हा सोमा म्हणाला, "बाई, पोरगी जाताना काय बोलली व्हती का? इचारायचा धीर झाला न्हाई."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या रात्रीचं बुधीचं पुटपुटणं मला ऐकू आलं नव्हतं; तिच्या ओठांशी कान ताईंचाच होता. मग त्या सोमाशी त्याच्याच बोलीत बोलल्या, नगरी हेल जराही न लागू देता, जणू बुधीच बोलत होती: "बा कुठं ऱ्हायला? त्याला म्हनावं, लई लांब न्हाई. शेळीला पानी दाव, मंग ये."

"अशीच बोलायची ती," सोमा म्हणाला.

गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक वर टाकायला लावली, ताई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि समोर बघत राहिल्या. गाडी वळणाआड गेल्यावर आम्ही चढाला लागलो. सोमा माझ्यापुढं चालत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेल्यावर कळलं, तो तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. घरी बायकोला सांगताना त्यातला एकही बदलू नये म्हणून.