थंड खोलीतला कापूस

अक्का डॉक्टर नव्हती.

आजच्या वर्तमानपत्रात तिच्या निधनाच्या बातमीत नावाआधी 'डॉ.' छापलंय. काकांनी मायेनेच दिलं. मी फोन केला तर म्हणाले, "गेलेल्या माणसाला स्वल्प मान दिला तर तुझं काय जातं?"

काही जात नाही.

पण मला पहिली दोन वर्षं शाळेत न घालता अक्कानेच घरी शिकवलं. चुकलेलं खोडू द्यायची नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं. तिची लॅबमधली सवय.

म्हणून त्या 'डॉ.'वर ही रेघ.

अक्का माझ्या आजोबांची धाकटी बहीण. साठच्या दशकात इथेच, बेंगळुरूत, एका लॅबमध्ये पीएचडी करत होती. प्रश्न असा, की थंडीत थायरॉइड ग्रंथीतलं हॉर्मोन बनवणारं एन्झाइम किती वाढतं? आणि बाहेरून हॉर्मोन टोचलं तर थंडीतही ते सुस्तच राहतं का?

त्यासाठी पांढरे उंदीर. काही साध्या खोलीत, काही कोल्ड रूममध्ये. दोन आठवड्यांनी मारायचे, ग्रंथी काढायची, एन्झाइम मोजायचं.

कोल्ड रूममधले उंदीर एकमेकांवर चढून थरथरत बसायचे. अक्काला बघवेना.

संध्याकाळी सगळे गेले की ती पिंजऱ्यांत कापूस ठेवायची. सकाळी सर यायच्या आत काढून घ्यायची.

आकडे आले. थंडीने फारसा फरक पडत नाही, असे.

सरांना नवल वाटलं. पण आकडे म्हणजे आकडे. शोधनिबंध टाइप झाला. पहिलं नाव अक्काचं.

कापसाचं कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवस ती धड जेवली नाही. मग सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मी पिंजऱ्यांत कापूस ठेवत होते."

"किती दिवस?"

"रोज."

सर म्हणाले, "उंदरांची कीव आली, अम्मा. माझी नाही आली?"

सगळं पुन्हा करावं लागलं. नवे उंदीर, तीच थंडी, कापूस नाही. अक्काने ते स्वतः केलं. त्यांना थरथरताना पाहिलं, स्वतःच्या हातांनी मारलं. या वेळी एन्झाइम चांगलंच वाढलेलं निघालं. हॉर्मोन टोचलेल्यांत मात्र नाही.

तोवर तिची फेलोशिप संपली होती. प्रबंध राहिला तो राहिलाच. पुढे आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं.

मागच्या महिन्यात मी विचारलं, "अक्का, सांगितलं नसतंस तर?"

"सांगायचं होतंच गं."

"मग कशाचंच वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. मी कापूस ठेवला नसता, तर ते दुसरे उंदीर लागलेच नसते. माझ्या दयेने दुप्पट मेले."

 

अक्का, तुला माझा शेवटचा नमस्कार.